अकराची पंगत

'आजीच्या हातची पारंपरिक उजनी मासळी' अशा धर्तीच्या पाट्या टेंभुर्णीपासून भिगवणपर्यंत हल्ली जागोजागी दिसतात. आमच्या आजीच्या हातची चव मला चांगली आठवते. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आषाढीला ती पायी पंढरपूरला जायची. घरात कुणी मासा आणलाच तर त्याची चूल परसात, भांडं वेगळं, आणि ते भांडं राखेनं घासून गोठ्याच्या भिंतीला पालथं. तिच्या हातची मासळी कुणी खाल्लेली नाही. आणि परंपरा म्हणावी, तर उजनीचं पाणी अडलं १९८० साली. म्हणजे या परंपरेचं आणि माझ्या एसटीतल्या नोकरीचं वय साधारण एकच.

मी करमाळा तालुक्यातला, भीमेच्या डाव्या अंगाचा. एसटीत कंडक्टर म्हणून लागलो तो धरणग्रस्ताच्या दाखल्यावर. नोकरीभर याच रस्त्यांवर गाडी केली: करमाळा, जेऊर, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पुणे. कुठल्या हॉटेलात चहा पाणचट, कुठल्या हॉटेलात भजी कालची, कुठे ड्रायव्हर-कंडक्टरला मागच्या टेबलावर फुकट जेवण आणि त्याबदल्यात प्रवाशांच्या गळ्यात दुप्पट भावाचा वडापाव, हे मला हातातल्या तिकिटाच्या ट्रेइतकं पाठ होतं. त्यामुळे आता पुण्याहून रविवारी सकाळी निघून अकराच्या ठोक्याला उजनीच्या पाण्याकडेला खायला बसणारी माणसं बघितली, की त्यांचा रस्ता आणि त्यांच्या ताटाचा रस्ता दोन्ही मला दिसायला लागतात.

अकराची वेळ मात्र जुनी आहे. धरणाआधी आमच्याकडे माणूस पहाटे चांदण्यात शेतावर जायचा. मोट धरायची, नाहीतर नांगर. दिवस कासराभर वर आला की बायका पाटीत भाकरी, पिठलं, कांदा, शेंगांची चटणी घेऊन बांधावर यायच्या. न्याहारी म्हणा, जेवण म्हणा, ते एकच आणि पोटभर. त्यानंतर थेट दिवेलागणीला. शहरातला माणूस रविवारी उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकत्र करतो. आमचे लोक ते रोजच करत, फक्त लवकर उठून.

आणि त्या अकराच्या वेळेला पाहुणा बोलवायचा तो हुरड्याला. पौषात भीमाकाठच्या काळ्या रानात ज्वारी दुधात येते, दाणा भरतो आणि अजून टणक होत नाही, तेवढे पंधरा-वीस दिवस. सगळीच ज्वारी हुरड्याला चालत नाही. भाकरीला मालदांडी, हुरड्याला गुळभेंडी, आणि ती बेतानं, चार-दोन तासच पेरायची. सकाळच्या थंडीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कूस उडवायचं आणि हिरवे दाणे समोरच्याच्या तळहातावर ओतायचे. सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही. तलाठी यायचा, मास्तर यायचे, करमाळ्याचा दुकानदार यायचा ज्याच्याकडे आपली उधारी असायची. त्या आगटीला पैसे विचारणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. हुरडा खाल्ला की पाहुणा मिंधा व्हायचा, एवढाच त्याचा हिशोब. तोही कमी नव्हता म्हणा; आमच्या वडिलांनी हुरड्यावर कितीतरी कामं करून घेतली.

मासा होता, पण तो भोयांचा. भीमेच्या काठच्या प्रत्येक गावात भोयांची चार घरं असायची. नदी उतरायला तेच, गूळ शिजवायच्या काहिलीत माणसं बसवून पैलतीराला नेणारे तेच, आणि जाळं टाकणारेही तेच. पहिल्या पावसाला नदी गढूळ झाली की वाम, मरळ, शिंगटा घेऊन त्यांच्या बायका गावात यायच्या आणि माशाच्या बदल्यात ज्वारी घेऊन जायच्या. नदी आटली की मासा डोहात, आणि डोह गावाचा. मासा खाणं हे वर्षातून काही दिवसांचं प्रकरण होतं. लांबून कुणी त्यासाठी यावं, असं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लांबून लोक आले ते आधी रेल्वेनं. हा भाग फार जणांना माहीत नसतो म्हणून जरा थांबतो. पुण्याहून सोलापूरकडे रेल्वे टाकली जात होती तेव्हा डिसेंबर १८५८ मध्ये ती डिकसळपर्यंत सुरू झाली. पुढचा टप्पा, म्हणजे डिकसळ ते बार्शी रोड, आजचं कुर्डुवाडी, हा ऑक्टोबर १८५९ ला. मधले दहा महिने ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या या फाट्याचं शेवटचं स्टेशन भीमेच्या काठावरचं हे खेडं होतं. मुंबईहून आलेला माल, साहेब, व्यापारी, सगळ्यांना गाडी इथं सोडावी लागायची आणि पुढे बैलगाडी. तेवढ्या दहा महिन्यांत तिथं कुणी भाकरी भाजून विकल्या असतील, कुणी चहा नाही पण गुळाचं पाणी तरी विकलं असेल. त्याची नोंद कुणी ठेवली नाही. रेल्वे पुढे सरकली आणि डिकसळ परत खेडं झालं. धरण आल्यावर जुना रूळमार्ग पाण्याखाली गेला, नवी लाइन जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, जेऊर अशी उचलून टाकली, आणि डिकसळचा रेल्वेपूल मोटारींना मिळाला. इंग्रजी दगडी खांबांवरून आम्ही कित्येक वर्षं ऊस आणि लग्नाची वऱ्हाडं नेली.

आता धरण. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेला आडवी भिंत घातली, लांबी अडीच किलोमीटरच्या वर, दरवाजे ४१. काम सुरू झालं साठीच्या दशकाच्या अखेरीस. १९७२ चा दुष्काळ त्याच काळातला. आमच्याकडची निम्मी माणसं त्या वर्षी खडी फोडत होती. तांबडी मिलो ज्वारी अमेरिकेतून यायची, तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. पोरांना सुकडी. भिंतीच्या पायथ्याला भीमानगर वसलं. तिथं इंजिनिअरांची कॉलनी, मजुरांच्या पालांची रांग, आणि मजुरांसाठी पत्र्याच्या शेडमधल्या खानावळी. धरणाकाठी पैसे मोजून पोटभर खायची पहिली सोय ती. महिन्याचा खाडा लिहिणारी वही, लाकडी बाकडं, आमटीत तरंगणारी तर्री. आमचा एक चुलता तिथं मुकादमाच्या हाताखाली होता. तो सांगायचा, रविवारी पगार झाला की खानावळवाला मटण करायचा आणि त्याच दिवशी आठवड्याची उधारी वसूल करायचा. हिशोबाला पक्का माणूस.

भिंत पूर्ण झाली आणि पाणी मागे मागे चढत गेलं. माढा, करमाळा, इंदापूर, पलीकडे नगर जिल्ह्यातलं कर्जत, वर दौंडपर्यंत. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ टीएमसी तळाचा मृतसाठा. नाव मिळालं यशवंतसागर. विस्थापितांसाठीचा कायदा राज्यानं १९७६ साली केला, तोवर आमच्या भांड्याकुंड्यांच्या बैलगाड्या निघाल्या होत्या. गावं उठली, माळावर बसली, आणि एका गावाची दोन-तीन झाली. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. खातगावला नंबर. वांगीला तर चारपर्यंत नंबर. तिकीट फाडताना मी विचारायचो, "कोणतं वांगी?" आणि म्हातारा माणूस थोडा वेळ गप्प व्हायचा, मग म्हणायचा, "लिव्हा कुटलंबी, उतारतो की मी वळकून." हुरड्याची ती काळी रानं पाण्याच्या तळाशी गेली. माळावर पाणी आलं, तिथं ऊस आला, केळी आली. कंदरची केळी आज परदेशात जातात. ज्वारीला कुणी विचारेना.

आणि पाण्यात मासा आला. हा मासा आमचा नव्हता, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण आम्हीही आता त्या जागेचे राहिलो नव्हतो. कटला, रोहू, मृगल हे गंगेचे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ च्या जुलैमध्ये ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून देशभरातल्या धरणांत बोटुकली सोडता यायला लागली. चिलापीची गोष्ट वेगळी. ती मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ साली आली. तिला इंजेक्शन लागत नाही, मुहूर्त लागत नाही. पिल्लं तोंडात घेऊन सांभाळते, घाण पाण्यात तग धरते, आणि दुसऱ्याच्या वाट्याचंही खाते. उजनीत तिनं बाकीच्यांना मागे टाकलं. जाळं टाकलं की चिलापीच. सुरुवातीला आमच्याकडे ती गरिबाचा मासा होती. काटा जास्त, वास चिखलाचा. उसाच्या फडातले टोळीवाले घ्यायचे, नाहीतर वाळवून टाकायची.

भोयांच्या हातून मासेमारी कधीच सुटली होती. धरणात शेत गेलेले मराठे, धनगर, महार, सगळेच पाण्यात उतरले. ज्याची जमीन जिथं बुडाली तिथंच त्यानं जाळं टाकलं, अशीही माणसं माझ्या गाडीला असायची. होडी परवडत नसे तेव्हा ट्रकची ट्यूब, नंतर थर्माकोल. माल जायचा भिगवणला आणि इंदापूरला. इंदापूर बाजार समितीनं तिथं माशांचा लिलाव सुरू केला, आणि आधी कुठंही, कशाही भावानं जाणाऱ्या माशाला अडत, वजनकाटा आणि पावती मिळाली. पहाटेच्या पहिल्या गाडीला टपावर बर्फाच्या टोपल्या असायच्या. ते पाणी खिडकीतून आत ठिबकायचं. प्रवासी बोंब मारायचे, मी टोपलीवाल्याला पावती फाडायचो, तो मला दोन मासे देऊ करायचा. घेत नव्हतो असं म्हणणार नाही.

खाण्याचा धंदा सुरू झाला तो ट्रकवाल्यांमुळे. मुंबई-हैदराबाद रस्ता तो, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५. रात्रीचा ट्रक भिगवणला थांबायचा, ड्रायव्हरला गरम काहीतरी हवं असायचं. कुणीतरी पाल टाकून कढईत चिलापी तळायला घेतली. कापून, चिरा पाडून, मीठ-हळद-तिखट चोळून, उकळत्या तेलात कडक. तळली की चिखलाचा वास जातो हे कळलं, इथून चिलापीचं नशीब फिरलं. मग पाल जाऊन पत्रा आला, पत्र्याखाली टेबलं आली, काळ्या मसाल्याचा रस्सा आला, भाकरी थापायला दोन बायका बसल्या. मरळ आणि वाम महाग, ती मालकाच्या फळीवर वर लिहिलेली. पुण्याचे लोक सोलापूरला, तुळजापूरला, अक्कलकोटला जाताना थांबायला लागले. देवाला जाताना नव्हे, येताना.

पण फक्त मासे खायला पुण्याहून कुणी यावं, याला कारण पक्षी झाले. पाणी उथळ, चिखल भरपूर, म्हणून थंडीत रोहित पक्षी उतरायचे, पट्टकदंब यायचे, चित्रबलाक यायचे. आमच्या लेखी ते गाळपेरातलं पीक तुडवणारे पाहुणे. १९९० साली डॉ. एरच भरुचा आणि गोगटे यांनी उजनीच्या या पाणथळीतल्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. मग कॅमेरेवाले यायला लागले. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडीच्या पोरांनी मासेमारीच्या होड्यांना रंग दिला, बाकडी ठोकली, आणि पहाटे सहाला पुणेकरांना पाण्यात न्यायला सुरुवात केली. पक्षी बघून माणूस दहा-साडेदहाला परत येतो तेव्हा त्याला भयंकर भूक लागलेली असते. होडीवाल्याच्या बायकोनं आधी पोहे केले. दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं, मासं खाताव का? अंगणात सतरंजी, स्टीलची ताटं, चुलीवरची भाकरी, माणसाला ठरलेला दर. अकराची पंगत अशी परत बसली. या वेळी पैसे घेऊन.

माझ्या मते उजनीकाठचं सगळ्यात चांगलं खाणं या अंगणांतच मिळालं, आणि अजून काही ठिकाणी मिळतं. कारण तिथं शिजवणाऱ्या बाईला ताटात काय चाललंय हे डोळ्यांसमोर दिसतं. भाकरी संपली की ती विचारत नाही, टाकते.

पुढचं भराभर झालं. साधारण २०१३-१४ च्या सुमारास रस्ता चौपदरी झाला, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर इथं टोलनाके बसले. पुण्याहून भिगवण दोन तासांच्या आत आलं. २०२० मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. ज्यांच्या उसाच्या पट्ट्याला पाणी लागून होतं, त्यांना कळलं की पाण्याकडेचे दोन गुंठे उसापेक्षा टेबलाला जास्त पिकतात. गेल्या काही वर्षांत तिथं पांढऱ्या चुन्याच्या भिंती, बांबूचा मंडप, झोपाळे, कंदील, लाकडी पाट्या आल्या. हुरडाही परत आला, तिकीट लावून. गुळभेंडी आता कुणीतरी मुद्दाम, फक्त पुणेकरांसाठी, अर्धा एकर पेरतं. आगटी तीच, पण कणीस चोळून देणाऱ्या बाईच्या हातात रबरी मोजा.

अशाच एका जागी आमच्या मुलानं आम्हाला नेलं. तो पुण्यात असतो, सून बँकेत. "मामा, नेहमी तुम्ही आम्हाला भाकरी घालता, आज आमच्याकडून," असं सून म्हणाली, त्यामुळे नाही म्हणता येईना. जागा देखणी होती, खोटं कशाला बोलू. चिंचेच्या झाडाला हात न लावता भोवतीनं ओटा बांधलेला, पुढे पाणी थेट क्षितिजापर्यंत. मेनूकार्ड इंग्रजीत. लिंबू आणि लोण्यातली तिलापिया नावाची मासळी बरीच वर लिहिली होती. पोरानं ताट आणून ठेवलं आणि मी शेपटीवरून ओळखलं, ही तर आमची चिलापी. काटे काढलेली, वर कोथिंबिरीची दोन पानं, शेजारी भाजलेला बटाटा. भाकरी मागितली तर वीतभर रुंदीची, त्रिकोणी कापून, टोपलीत रुमालाखाली आली. बायकोनं ती उचलून उजेडात धरून बघितली. "ही कापली कशाला?" तिनं पोराला विचारलं. तो बिचारा आमच्याकडच्याच उमरडचा, त्यालाही ठाऊक नव्हतं.

पाच माणसांचं बिल चार हजारांच्या वर झालं. माझी ईपीएस-९५ ची महिन्याची पेन्शन त्यापेक्षा कमी आहे. ही गंमत म्हणून मी टेबलावर सांगितली, कुणी हसलं नाही.

तरीपण त्या बिलाची मी बाजू घेणार आहे, निदान काही भागाची. मासा उत्तम शिजवला होता, आतपर्यंत, आणि कोरडा पडला नव्हता. तळून वास मारणं सोपं आहे, न तळता वास घालवणं अवघड. आणि बायकांसाठीचं संडास स्वच्छ होतं, आतून कडी लागत होती, पाणी होतं. एसटीचा कंडक्टर म्हणून मी सांगतो, या रस्त्यावर कित्येक वर्षं बाया दहा मिनिटांच्या थांब्यात हॉटेलामागच्या बाभळीत गेल्या आहेत. एकीनं पदर पसरून आडोसा धरायचा, दुसरीनं बसायचं, आणि मी हॉर्न वाजवू नको म्हणून ड्रायव्हरला सांगायचं. कडी लागणाऱ्या दाराला कुणी शंभर रुपये जास्त लावत असेल, तर ते ताटातल्या कुठल्याही जिनसेपेक्षा मला रास्त वाटतात.

रास्त वाटत नाही ते दुसरं. त्या देखाव्याचे पैसे घेतले जातात, आणि तो देखावा म्हणजे आमच्या शिवारावरचं पाणी. ते एक राहू दे. पण त्या पाण्यातून चिलापी काढणाऱ्याला काय मिळतं? भिगवणच्या लिलावात चिलापीचा किलोमागचा भाव त्या एका ताटाच्या किमतीजवळही जात नाही. बर्फ, डिझेल, जाळं, अडत त्यातूनच. वर मासा कमी होतोय. बारीक पिल्लंसुद्धा ओढून काढणारं वडाप जाळं लावतात, ते बंद करा म्हणून मच्छीमारच ओरडतात, आणि मच्छीमारच लावतात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडे येतं, उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते. पुणेकर रविवारी येऊन जो मासा खातो, तो त्याच्याच सोमवार ते शनिवारावर वाढलेला असतो, हे कुठल्या मेनूकार्डावर लिहीत नाहीत.

उन्हाळ्यात तर देखावाच पळून जातो. कालवे, बोगदे, नदी, सोलापूरचं पिण्याचं पाणी असं सोडता सोडता धरण उणे होतं. २०२४ च्या जूनमध्ये उणे साठ टक्क्यांपर्यंत जवळजवळ गेलं होतं. त्या वर्षी पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर आला, आणि पाण्याकडेच्या हॉटेलांपुढे तडकलेला गाळ. त्यात आमचे लोक गाळपेर करतात, मका, कलिंगड. मी ऐकलं की एका मालकानं गिऱ्हाइकाला कलिंगडाचं रान 'फार्म व्ह्यू' म्हणून दाखवलं. धंद्याला डोकं लागतं.

त्याच वर्षी २१ मेच्या संध्याकाळी कुगावहून पलीकडे कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली. सात प्रवासी होते, सहा गेले, एक पोहून काठाला आला. आमच्या बाजूच्या माणसाला इंदापूर समोर दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, म्हणून मोटारसायकली होडीत घालून लोक जात होते. पक्षी बघायच्या होड्यांत नारिंगी जाकिटं होती, आमच्या होड्यांत नव्हती. जाकिटाचे पैसे पुणेकराच्या तिकिटात बसतात, दहा-वीस रुपयांच्या उतारूत बसत नाहीत. पर्यटनानं या काठावर आणलेली सगळ्यात कामाची वस्तू मला विचाराल तर ती जाकिटं, आणि ती निम्म्याच काठाला आली.

आता सरकारनं सोलापूर जिल्ह्यासाठी उजनीच्या जलपर्यटनासकट मोठा आराखडा केला आहे, आणि शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर होऊन त्याचं काम निघालंय. पूल झाला की पुण्याची गाडी इंदापूरहून सरळ आमच्या काठाला येणार. माळावरच्या जमिनीचे भाव आत्ताच चढलेत. माझा पुतण्या केळीचं रान कमी करून पाण्याकडेला दहा टेबलांचं हॉटेल काढायच्या विचारात आहे. रात्री वही घेऊन माझ्याकडे आला होता. भाकरी थापायला दोन बाया, त्यांचा रोज. मासा थेट होडीवाल्याकडून, म्हणजे अडत वाचली. तेल, गॅस, संडासाची टाकी. बेरीज करून त्यानं ताटाचा दर काढला, तो मला बरोबर वाटला.

मग डोकं खाजवत म्हणाला, "अप्पा, रविवारी पन्नास रुपये जास्त लावले तर?"

म्हटलं, लाव की. दिवाळीत एसटीसुद्धा भाडं दहा टक्के वाढवायची. लोक कंडक्टरला शिव्या द्यायचे आणि सीट धरायचे. फक्त रविवारी गल्ल्यावर तू स्वतः बस, उमरडच्या पोराला बसवू नको. शिव्या मालकानं खाव्यात.